दारातल्या चपला

मी आणि बायकोनं शेवटच्या प्रवासात मिळून केलेली एक साधी गोष्ट म्हणजे एक दुकान पाहिलं. घ्यायचं काही नव्हतं, नुसतं पाहिलं. मी पोलिसात शिपाई म्हणून लागलो, जमादार होऊन घरी बसलो. शिक्षण सातवी. नोकरीत हरवलेली माणसं पुष्कळ शोधली. पण डोक्यातून जात नाही तो तपास निवृत्तीनंतरचा आहे, आणि त्यात हरवली होती माझी बायको.

तिला समुद्र पाहायचा होता म्हणून यवतमाळहून निघालो. त्या समुद्रकाठच्या गावात इंग्रजांच्या वेळचं मोठं दुकान आहे. लाकडी जिना, पितळी कठडे, सुईपासून पलंगापर्यंत सगळं एका छपराखाली. आमच्याकडं कापडाच्या दुकानात गादीवर बसताना चपला काढतात. हिनं इथं दारातच काढल्या.

"अवं, इथं कोणी काढत नाही."

"एवढ्या लख्ख फरशीवर चपला घालून जाऊ? तुमी जा बुटासंगं. पोलिसाले कोण बोलते!"

गुडघ्यांमुळे ती खालीच बाकावर बसली. मी वर जाऊन जुने कंदील पाहिले. खाली आलो तर बाक रिकामा. दाराशी गेलो तर चपलाही नाहीत. म्हणजे बाई बाहेर गेली.

तिला साखरेची बिमारी. सकाळची गोळी घेतली होती आणि पोटात अन्न नव्हतं. अशा वेळी तिला भोवळ येते. जवळ फोन नाही, पाटी वाचता येत नाही.

बाहेर शेंगदाणेवाला होता, त्याला लुगड्याचा रंग सांगून विचारलं. त्यानं खबर दिली, "हिरव्या लुगड्यातली आजी? आत्ताच समुद्राकडं गेली."

धावलो. वाळूत हिरवं लुगडं पाठमोरं दिसलं. हाक मारली. वळली ती दुसरीच. "काय झालं, भाऊ?" म्हणाली.

चपला चोरीला गेल्या असतील असं वाटून परत आलो आणि दुकानाच्या वॉचमनची कॉलर धरली. "इथल्या चपला कुठं गेल्या? खरं बोल."

"कसल्या चपला, साहेब?"

"जुन्या. अंगठ्याजवळ लाल दोऱ्यानं शिवलेल्या."

तो खाली वाकला आणि स्टुलाखालून त्याच चपला काढल्या. "उन्हात होत्या. आजी घालायला येतील तेव्हा पाय भाजतील, म्हणून सावलीत ठेवल्या."

मी कॉलर सोडली. चपला इथं, म्हणजे बाई आत.

काउंटरवरच्या पोरीला विचारलं. "त्या आजी? त्यांना घाम सुटला होता. मागं नेलंय आमच्या बायकांनी." मागच्या खोलीत कामाच्या बायका डबे उघडून बसल्या होत्या. मधोमध आमची मंडळी, हात भाताचा.

"अवो, कुठी गेलते? मले वाटलं तुमीच हरपले."

"तुले समुद्रावर शोधून राह्यलो मी!"

"समुद्र पाह्यला? मले सोडून?"

बायका खो-खो हसल्या. एकीनं माझ्यापुढं ताट सरकवलं. "बसा, आजोबा. आधी जेवा, मग भांडा." बायकोनं काटे काढून मासा माझ्या भातावर ठेवला. जेवण झाल्यावर आम्ही दोघं समुद्रावर गेलो.

खात्यातल्या नव्या पोरांना मी सांगतो, खबर देणाऱ्याला लुगड्याचा रंग विचाराल तर तो रंगच सांगेल. आणखी विचारा. दुसरं असं, की वस्तू जागेवर नसली की आमच्या डोक्यात पहिला चोर येतो. कोणी भल्यासाठी ती सरकवली असेल, हे सुचतच नाही. सगळी नोकरी करून मला हे त्या वॉचमननं शिकवलं. त्याची माफी मागितली तर तो म्हणाला, "माझी बायको हरवली असती तर मी तुम्हाला मारलंच असतं."

घरी परतलो आणि आठवडाभरात ती गेली. संध्याकाळी छातीत दुखलं. मी आणि मुलीनं उचलून ऑटोत बसवली. पायात काही नव्हतं, कोणाच्या ध्यानातही आलं नाही. दवाखान्याच्या दारातच संपलं. दुसऱ्या दिवशी माती झाली. लोक आले, रडले, गेले.

त्याच्या दुसऱ्या सकाळी दार उघडलं. चपला पायरीवर होत्या, तिनं काढल्या होत्या तशाच.

मुलगी म्हणाली, "बाबा, उचलू का?"

"राहू दे."

पायरीवर ऊन चढून राह्यलं होतं. मी खाली बसलो, चपला उचलल्या आणि सावलीत ठेवल्या.