फिरत्या दांड्यावरचे उंदीर

१९९८च्या दिवाळीआधी महाड एमआयडीसीतल्या एका औषध प्रयोगशाळेने आम्हा दोघी उमेदवारांपैकी एकीला कायम केले. ती मी नव्हते.

काम स्नायू सैल करणाऱ्या औषधांच्या चाचणीचे होते. एक आडवा दांडा सावकाश फिरे आणि पांढरे उंदीर त्यावर तोल सांभाळत चालत. आधी सराव, मग इंजेक्शन. औषध लागू झाले की पाय ढिले पडत आणि उंदीर खाली घसरे. औषधाआधीच पडणारा उंदीर चाचणीतून बाद होई.

माझे उंदीर औषधाआधीच पडत. तिचे पडत नसत.

ती पोलादपूरच्या वरच्या वाडीतून एसटीने येई. मी महाडातच राहायचे, तरी पिंजऱ्यांपाशी पहिली तीच असे. उंदीर तिच्या बाहीत शिरून झोपत आणि साहेब चहाचा कप हातात धरून ते बघत. तिची एसटी वाटेत बंद पडावी, असे मला रोज वाटे. माझा अ‍ॅप्रन तिच्यापेक्षा स्वच्छ होता. मी तो रोज घरी नेऊन धूत असे. तिचा आठवडाभर प्रयोगशाळेतल्या खुंटीवरच असे. त्याबद्दल मात्र साहेब काही बोलत नसत.

एकदा साहेबांसमोरच तिने माझी बाही धरून हुंगली.

"घरी मांजर हाय काय गो तुझ्या?"

"आहे. मग?"

"ती ह्याच्यावरच झोपते वाटतं. केस बघ. वाघीण होऊन हात घालतेस, उंदीर टिकंल कसा?"

साहेब मोठ्याने हसले.

"हे आधी का नाही सांगितलंस?" मी विचारले.

"तू जवळ कुठं येऊ देतेस?"

मांजराचा काही संबंध नाही, हिच्या वाट्याला गरीब उंदीर आलेत, असे मी साहेबांना सांगितले. पिंजरे बदलून बघा, अशी मागणीही केली. मी अ‍ॅप्रन बदलला नाही.

साहेबांनी दुसऱ्या दिवशी पिंजरे बदलले. तिचे उंदीर माझ्या हातून दांड्यावर गेले आणि इंजेक्शनआधीच पडले. माझे तिने चढवले. ते इंजेक्शनची वेळ होईपर्यंत चालत राहिले. त्यांतला एकही पडला नाही.