खालून पाहिलेलं चित्र

भिलाईच्या जुनवानीत, एका किराणा दुकानाच्या वरच्या मजल्यावर प्रफुल्ल वासनिकांचा छोटा कारखाना आहे. टाकी भरली की पाण्याची मोटर आपोआप बंद करणारी कार्डं तिथे बनतात. रेणू शेंडे तिथली डिझायनर. वडील भंडाऱ्याहून येऊन स्टील प्लांटमध्ये फिटर झाले होते, आणि लेक संगणकावर सर्किट बोर्ड आखते याचं त्यांना कोण कौतुक! "आमची रेणू मिलिमीटरच्याई आत काम करते," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत.

एका उन्हाळ्यात कार्डांसाठी नवा व्होल्टेज रेग्युलेटर, म्हणजे विजेचा दाब नेमका ठेवणारा भाग, आला. तीन पायांचा, एका बाजूने चपटा. सॉफ्टवेअरमध्ये त्याची आकृती तयार नव्हती. अशा वेळी ती स्वतः काढावी लागते: पायांसाठी तीन भोकं, त्यांचे क्रमांक, आणि चपटी बाजू कुठे येईल त्याची छापील खूण. याला फूटप्रिंट म्हणतात. रेणूने कंपनीच्या माहितीपत्रकावरचं, म्हणजे डेटाशीटवरचं, चित्र पाहून तो वीस मिनिटांत काढला आणि दीडशे कार्डं छापायला पाठवली.

कार्डं आल्यावर त्यांवर भाग बसवले बेबीताईंनी. त्या अकरा वर्षं तिथे सोल्डरिंग करत होत्या. त्यांचा टाका मशीनसारखा. पण पहिल्या कार्डाला वीज दिली आणि रेग्युलेटरमधून धूर निघाला. दुसऱ्यातूनही, तिसऱ्यातूनही. प्रफुल्लनी एका कार्डावरचा जळका भाग काढून नवा उलट्या तोंडाने लावला. कार्ड चाललं.

"बेबीताई, सारेच उलटे लावले तुम्ही!"

"नाही जी. मी तं खुणेवरच लावले."

काढलेल्या भागाखालची छपाई जळून काळी पडली होती. प्रफुल्लनी रेणूला विचारलं, "खूण बराबर आहे ना?"

"हो सर," रेणू म्हणाली. तेव्हा तिला खरंच तसं वाटत होतं.

"डोळे दाखवून या एकदा, ताई," प्रफुल्ल म्हणाले. बेबीताईंनी चिमटा पुसून डब्यात ठेवला आणि त्या बोरसी भागातल्या आपल्या घरी गेल्या.

दुपारी रेणूने डेटाशीट पुन्हा उघडलं. चित्राखाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं की ते भागाच्या खालच्या बाजूने पाहिलेलं आहे. तिने ते वरून पाहिलेलं समजून काढलं होतं. डावं उजवीकडे गेलं होतं.

तिचे कान तापले. सर पलीकडच्याच टेबलावर होते, चार पावलांवर. ती उठली नाही. तिने फाईलमधला फूटप्रिंट दुरुस्त केला आणि खूण उघडी दिसणारं, उरलेलं एकमेव रिकामं कार्ड ड्रॉवरमध्ये कागदांखाली सरकवलं. उद्या सांगू, असं तिने ठरवलं. दुसऱ्या दिवशी बेबीताई आल्या नाहीत, आणि सांगणं आणखी अवघड झालं.

पुढच्या खेपेची नवी कार्डं आली. सुशील नावाच्या कारागिराने ती भरली. एकही जळलं नाही. "पाहिलं? हाताचाच फरक होता," प्रफुल्ल म्हणाले. रेणूने मान हलवली. त्या हललेल्या मानेची तिला शिसारी आली. घरी वडील तिच्या कामाचं सांगू लागले की ती पाणी आणायच्या निमित्ताने उठून जाई.

तीन आठवड्यांनी बेबीताई आल्या. नाकावर नवा चष्मा होता.

"डॉक्टर म्हणते, नंबर दूरचा आहे, जवळचं बराबर दिसते. मंग माझ्या हातून असं कावून झालं असन?" त्या सरळ रेणूजवळ आल्या. "पोरी, तू शिकलेली. माझं कुठं चुकलं, मले दाखवून दे. घरी बसून तेच डोक्यात फिरून राहिलं."

रेणूने ड्रॉवर उघडला. कार्ड टेबलावर ठेवून तिने शेजारी रेग्युलेटर धरला. "तुमचं नाही चुकलं, ताई. खूणच उलटी आहे. मी उलटी काढली."

प्रफुल्ल उठून आले. सुशीलचं काम थांबलं.

"तुले कधी समजलं?" बेबीताईंनी विचारलं.

"त्याच दिवशी. दुपारी."

बेबीताईंनी चष्मा काढला आणि पदराने पुसत राहिल्या. प्रफुल्लनी हात जोडले, "माफ करा, ताई. तुमचं ऐकायलाच पाहिजे होतं मी." रेणूही माफी मागू लागली, तेव्हा बेबीताईंनी तिला हातानेच थांबवलं. "माझ्या सुनेनं मले भाजी निवडू नाही देली, म्हणे तुमाले दिसत नाही. अन् मी ते खरं मानून बसली होती," इतकंच बोलून त्या जिना उतरल्या.

आठ दिवसांनी प्रफुल्ल स्वतः जाऊन त्यांना घेऊन आले. रेणूला वाटलं होतं, आपल्याला कामावरून काढतील; पण काढलं नाही. ते तिला जास्तच लागलं. त्या संध्याकाळी तिने वडिलांना सगळं सांगितलं. पुढे त्यांनी कुणापाशी तिच्या कामाची बढाई मारली नाही.

आता नवा फूटप्रिंट काढला की रेणू तो खऱ्या मापात कागदावर छापते, खरा भाग त्यावर ठेवते आणि बेबीताईंच्या टेबलाशी नेते. बेबीताई कागद उजेडात धरून एकेक पाय तपासतात. "मॅडम, हे बराबर आहे," म्हणतात, "पोरी" आता म्हणत नाहीत, आणि पुन्हा कामाला लागतात. रेणू कागद घेऊन परत येते.