पेन्सिलीचे चौदा ठिपके

माझी धाकटी बहीण एकतीस वर्षं आमच्या गावच्या नगरसभेत एकच काम करत आली. ठरावावर मतदान झालं की कोणत्या सभासदाने कोणत्या बाजूने हात वर केला, ते नोंदवहीत लिहायचं. नावासमोर तीन रकाने: बाजूने, विरुद्ध, गैरहजर. कचेरीत तिला सगळे हजेरीबाई म्हणतात. घरी आम्हीही कधी कधी म्हणतो, आणि ती ओ देते.

तिचं टेबल अध्यक्षांच्या चौथऱ्याखाली, भिंतीला लागून आहे. तिथून मागच्या बाकांवरचे चेहरे दिसत नाहीत, फक्त वर झालेले हात दिसतात. त्यामुळे ती सभासदांना हातांवरून ओळखायला शिकली. कुणाचं घड्याळ, कुणाचं वाकडं बोट, कुणाची पिवळी पडलेली नखं. शिपाई तिची थट्टा करायचा. "हजेरीबाई, साहेबांची मान डुलकीत दोनदा हलली, ते कुठं धरायचं? बाजूने की विरुद्ध?" ती वहीवरून नजर न काढता म्हणायची, "घोरले तर विरुद्ध."

तिथे एक जुना रिवाज होता. नियमांत कुठेही लिहिलेला नाही, पण सगळे पाळायचे. एका बाजूचा सभासद आजारी पडला, तर समोरच्या बाजूचा एकजण मतदानापुरता बाहेर जाऊन बसायचा. कुणाच्या दुखण्याचा कुणाला फायदा नको, एवढाच त्यातला विचार. ह्याला ते 'जोडीनं बसणं' म्हणत. आजारी माणूस गैरहजर, आणि त्याच्यासाठी बाहेर बसलेलाही गैरहजर. नंतर घोटाळा नको म्हणून हजेरीबाई बाहेर बसलेल्याच्या रकान्यात पेन्सिलीने बारीक ठिपका द्यायची. वर्ष संपलं की वह्या बांधणीला जायच्या. रिवाज अधिकृत नव्हता, म्हणून त्याआधी ती खोडरबर घेऊन सगळे ठिपके पुसायची. तिला हे तिच्या आधीच्या बाईंनी शिकवलं होतं. त्यांना कुणी शिकवलं होतं, देव जाणे.

सत्तेतल्या पक्षात एक शिंपी सभासद होते. आम्ही त्यांना शिंपीकाका म्हणतो. आमच्या पलीकडच्या गल्लीत त्यांचं दुकान आहे. मी शिकवायचो त्या शाळेतल्या निम्म्या पोरांचे गणवेश त्यांनीच शिवलेले. सभासद झाल्यावरही ते मशीनवर बसायचे आणि काकू शेजारी काजं करायच्या. त्यांच्या मधल्या बोटावर, सुई टोचू नये म्हणून घालायच्या अंगुस्तानाचा खळगा होता, हजेरीबाई त्यांचा हात त्यावरून ओळखायची. विरोधी बाकावर एक बेकरीवाले होते. त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली होती, आणि दर मंगळवारी दुपारी त्यांना रक्त शुद्ध करून घ्यायला जावं लागे. सभाही मंगळवारीच. त्यांच्यासाठी बाहेर कोण बसणार, हा प्रश्न आला तेव्हा शिंपीकाका म्हणाले, मी बसतो, तेवढ्यात दोन बाह्या टाचून होतील. खरोखरच ते बाहेरच्या बाकावर कापड घेऊन बसायचे. असं चौदा वेळा झालं. गेल्या थंडीत बेकरीवाले वारले.

ह्या वर्षी अध्यक्षाची निवडणूक झाली. ती गुप्त मतदानाने होते. सत्तेतल्या पक्षाचे तेवीस सभासद, पण पेटीतून मतं निघाली एकवीस. त्यांचा माणूस एका मताने पडला.

त्या दिवसापासून सभागृहाची हवाच बदलली. जिन्यात थांबून बोलणं बंद झालं. चहाच्या खोलीत कुणी आत आलं की आधीचे उठून जायचे. सहा वर्षांपूर्वी असंच एक मत फुटलं होतं, आणि महिन्याच्या आत एका सभासदाची लाकडाची वखार जळाली होती. कुणी जाळली ते कळलं नाही. म्हणजे कळलं सगळ्यांना, पण सांगितलं कुणी नाही.

प्रतोद म्हणजे पक्षाच्या सभासदांनी कुठं हात वर करायचा ते सांगणारा माणूस. जुने प्रतोद पक्ष सोडून विरोधकांना मिळाले होते, आणि नवे तरुण होते. त्यांना सगळे धाकटे साहेब म्हणत. ते कधी आवाज चढवत नसत. त्यांनी हजेरीबाईला बोलावून अगदी अदबीने सांगितलं, की गेल्या तीन वर्षांतली एकसष्ट मतदानं काढा, आणि आपल्या प्रत्येक सभासदाने त्यांतली किती वेळा पक्षाबरोबर मत दिलं त्याचा तक्ता करा. निष्ठा कागदावर दिसली पाहिजे, असं ते म्हणाले.

तिने चार दिवस बसून तक्ता केला. माझी बहीण आकड्याच्या बाबतीत फार काटेकोर आहे. दोनदा तपासून, पट्टीने रेघा मारून तिने तो सोमवारी देऊन टाकला. कामाच्या भरात तिने नावांकडे माणसं म्हणून पाहिलंच नाही. घरी येऊन चपला काढताना ती एकदम थांबली आणि भिंतीला हात टेकला.

तक्त्यात सगळ्यात खाली शिंपीकाका होते. चौदा वेळा गैरहजर. आणि ठिपके तिने स्वतःच्या हाताने पुसलेले.

मी तिला समजावलं. जो गुपचूप दगा देणार तो उघड मतदानात कशाला बाहेर बसेल? तो तर सगळ्यांच्या आधी हात वर करील. वर्गात बाक वाजवणारं पोर समोर दिसतं, आणि शाईची बाटली ओतणारं पहिल्या बाकावर हाताची घडी घालून बसलेलं असतं. ती म्हणाली, दादा, हे तुला कळतं, त्यांना कळून घ्यायचं नाहीये.

मंगळवारी शिंपीकाकांच्या दुकानासमोर दोन माणसं मोटारसायकल लावून उभी राहिली. काही बोलली नाहीत, काही केलं नाही. बुधवारीही उभी होती. काकूंनी दुकानाची एक फळी लावून घेतली आणि अर्ध्या उजेडात काजं करत बसल्या. मी गिऱ्हाइकासारखा आत गेलो, तर काका माझ्याकडे न बघता म्हणाले, की सर, सध्या आमच्याकडे येऊ नका. मशीनवर त्यांचा पाय होता, पण मशीनमध्ये कापड नव्हतं.

हजेरीबाईचं जेवण सुटलं. दाराची कडी लावली का, हे ती तीन-तीनदा बघायची. मग मला एक युक्ती सुचली, आणि मी स्वतःवर खूश झालो. ठिपके गेले, पण बेकरीवाल्यांची गैरहजेरी तर वहीतच आहे. ज्या चौदा दिवशी ते नव्हते, नेमके त्याच चौदा दिवशी शिंपीकाका बाहेर. हातच्या कांकणाला आरसा कशाला?

तिने तारखा पाठ असल्यासारख्या दोन रांगांत लिहिल्या. चौदाच्या चौदा जुळल्या. तिने कागद माझ्यापुढे सरकवला, आणि पुन्हा आपल्याकडे ओढून घेतला.

"दादा, हे बघून धाकटे साहेब काय म्हणतील?"

मी कागदाकडे हात पुढे केला.

"म्हणतील, हा शिंपी तीन वर्षं विरोधकाबरोबर ठरवून बाहेर जात होता."

तिने त्या कागदाचे बारीक तुकडे केले. बेकरीवाले गेलेले, जुन्या प्रतोदांच्या शब्दाला आता किंमत नाही, आणि बाकीचे सभासद भीतीपोटी साक्ष देणार नव्हते. उरली एकटी ती. पण तिने तोंड उघडायचं म्हणजे सरकारी नोंदीत खाडाखोड केली हे कबूल करायचं, आणि निवृत्तीला अकरा महिने राहिले होते. मी पस्तीस वर्षं पोरांना खरं बोला म्हणून शिकवलं. बहिणीला मात्र म्हणालो, गप्प बस, वादळ आहे, जाईल. ती म्हणाली, वादळ जाईल, पण कुणाचं छप्पर घेऊन जाईल?

गुरुवारी सकाळी तिने एक पानभर निवेदन लिहिलं. चौदा तारखा, रिवाज, ठिपके आणि खोडरबर. खाली सही. ती निघाली तेव्हा मी तिच्याबरोबर फाटकापर्यंत गेलो. पुढे येऊ नको म्हणाली.

धाकट्या साहेबांनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं. निवेदन दोनदा वाचलं.

"बाई, हे कुणी लिहायला सांगितलं?"

"कुणी नाही, साहेब. ठिपके माझे होते."

"आणि पुसलेही तुम्हीच."

"हो."

"म्हणजे वहीत दिसतं त्याहून जास्त तुम्हाला माहीत असतं." ते हसले. "मग अजून कुणाचं काय पुसलंय, तेही सांगून टाका. मन मोकळं होईल."

ती म्हणाली, अजून काही नाही. त्यांनी कागदाची चार पदरी घडी घातली आणि फाइलमध्ये न ठेवता खिशात ठेवली. ती परत आली आणि झालेलं सगळं तिने मला शब्द न् शब्द सांगितलं. मी चहा केला, तो तसाच निवला.

शुक्रवारी शिंपीकाकांच्या दुकानासमोर मोटारसायकल नव्हती. दुपारी काकूंनी फळी काढली. संध्याकाळी मशीनचा आवाज गल्लीत ऐकू आला, आणि मी हजेरीबाईला खिडकीशी बोलावलं. ती ऐकत राहिली. पाच दिवसांत पहिल्यांदा तिने मला जेवायला वाढलं आणि स्वतःही बसली.

शनिवारी शिपाई घरी आला. इतर वेळी दारातूनच काहीतरी टोमणा मारत येणारा माणूस, आज चपला काढून कोपऱ्यात बसला. त्याने खालच्या आवाजात सांगितलं, की काल पक्षाच्या बैठकीत मतं फोडणारे म्हणून दोन नावं वाचली. शिंपीकाका नाहीत त्यात. एक नाव तक्त्यात खालून तिसरे होते त्यांचं. दुसरं, शिंपीकाकांच्या लगेच वर होते त्यांचं. सायकलदुकानवाले. नऊ वेळा गैरहजर.

"त्यांचं नाव कसं?" ती म्हणाली. "ते तर नऊच."

"बाई, मतं दोन फुटली, म्हणून नावं दोन हवी होती. तळाचं एक काढलं की वरचं खाली येणारच."

तिने वही डोळ्यांसमोर आणायचा प्रयत्न केला. सायकलवाल्यांचा हात तिला आठवत होता, तळव्यावर ग्रीसच्या काळ्या रेघा. पण नऊ वेळा तो हात का वर झाला नाही, ते आठवेना. ठिपके होते का तिथे? की नव्हतेच? एखादं आजारपण, एखादा मुलीचा पेपर, की खरंच काही? पुसलेल्या जागेसारखं सगळं कोरं. शिपाई गेल्यावर ती म्हणाली, मी विचारून येते. ह्या वेळी मी तिला एकटं सोडलं नाही.

सायकलचं दुकान बंद होतं. वर राहण्याच्या खोल्या. आम्ही जिना चढलो, तसा आतला मुलांचा आवाज थांबला. तिने दार वाजवलं. बऱ्याच वेळाने साखळी न काढता दार बोटभर उघडलं. फटीत एका बाईचा डोळा दिसला, बहुधा त्यांची बायको.

"मी नगरसभेतून आलेय," माझी बहीण म्हणाली. "त्या नऊ तारखांचं विचारायचं होतं. काही कारण असेल तर मी लिहून देईन."

त्या बाईने तिच्याकडे पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

"तक्ता करणाऱ्या बाई त्या तुम्हीच ना?"

"हो, पण मी..."

"ते घरी नाहीत," बाई म्हणाली. "कधी येतील ते आम्हाला माहीत नाही. आम्हाला काहीच माहीत नाही, बाई. आमची मुलं लहान आहेत."

दार लागलं. आतून एक कडी, मग दुसरी, आणि मग काहीतरी जड सरकवल्याचा आवाज. हजेरीबाई हात वर धरून तशीच उभी होती, पुन्हा वाजवावं की नाही ह्या विचारात. मी तो हात हळूच खाली घेतला.