लाकडी बुटातला दोर

चिब्बेला बोलायची भीती वाटायची. थंड पाण्यात पाय घालताना वाटते ना, तशी. एकदा घातला की काही नसतं, पण घालवत नाही. आणि नेमका हाच माणूस आमच्या अल्डेसिलच्या कालव्यावरच्या उचलत्या पुलावर तेवीस वर्षं पूलवाला होता.

मी आणि तुझे आजोबा बाउवे, आम्ही आमची मालाची नाव, तीच आमचं घर, त्या पुलापाशी कायमची बांधली, तेव्हा चिब्बे पन्नाशीचा असेल. उंच, खांदे पडलेले, कायम एकच निळी टोपी. त्या दिवशी त्याने एवढंच विचारलं, "दोर पुरतोय का?" पुरत होता. पुढे अकरा वर्षं शेजार, पण तो मला नावानेही हाक मारायचा नाही. शेजारीणबाई म्हणायचा.

त्याचं काम असं. नाव आली, भोंगा वाजवला की पूल उचलायचा. मग गळाच्या काठीला बांधलेला लाकडी बूट खाली सोडायचा. नाववाले त्यात पुलाचे पैसे टाकायचे. हा बूट वर ओढायचा आणि म्हणायचा, "सुखरूप जा." झालं. उन्हाळ्यात दिवसाला चाळीस नावा, म्हणजे चाळीस वेळा सुखरूप जा. तेवढं बोलणं त्याला पुरायचं. पुढचं काही बोलायची वेळ येईतो नाव लांब गेलेली असायची, आणि हेच त्याला आवडायचं.

रस्त्यावरून येणाऱ्या माणसांचं तसं नव्हतं. आमच्याकडे माणूस भेटला की हात मिळवायच्या आधी विचारतात, "तू कुणाची?" मग तुझी आत्या आणि माझी मावशी एका चर्चमध्ये गायच्या इथपर्यंत जाऊन पोचलं की मगच दोघं सायकलवर बसणार. चिब्बेला रस्त्यावर कुणी दिसलं की तो पुलाच्या बिजागरीत तेल घालायला जायचा. जगात तेवढं तेल कुठल्या बिजागरीने प्यायलं नसेल.

मग एका एप्रिलला पंचायतीने पुलाचे पैसे बंद केले. पहिल्याच सकाळी नाव आली आणि चिब्बेने सवयीने बूट खाली सोडला. नावेवर लाल टोपीवाली एक बाई होती, कुठून लांबून आलेली. तिने वर बघितलं.

"किती झाले?"

"काही नाही," चिब्बे म्हणाला.

"मग बूट कशाला सोडलात?"

ती बाई हसली, कमरेने सुकाणू दाबून धरलं आणि बुटाच्या दोरीला एक गाठ मारली. म्हणाली, "रिकामा नको जायला," आणि गेली.

त्या दिवशी चिब्बे पहिल्यांदा आमच्या नावेवर आला. दारात उभा राहिला, आत काही येईना.

"शेजारीणबाई, ही कसली गाठ आहे?"

मी जन्मले नावेवर. शाळा बघितली ती काठावरून जाताना. दोन आठवडे या गावात, तीन त्या गावात, बाई नाव लिहून घ्यायच्या तोवर आम्ही बटाटे उतरवून निघालेलो. अक्षरं मला नाही येत, ती तू लिही. पण गाठ वाचता येते. मी बोटं फिरवून सांगितलं, "ही समुद्रावरची आहे. कालव्यावरचे लोक इतकी आवळत नाहीत."

तो ती दोरी घेऊन परत गेला. दुसऱ्या दिवशी बुटात चांगल्या जाड दोराचं टोक ठेवलेलं. दोराचं वेटोळं वर पुलाच्या खोलीत, टपात. नाव आली की बूट खाली जायचा आणि वरून विचारणा व्हायची, "एक गाठ माराल का?" चार शब्द. तेवीस वर्षांतले नवे चार शब्द.

नियम त्याचा त्यानेच केला. दिवसाला एकच गाठ, वीतभर अंतरावर. मारणारा अनोळखी पाहिजे. आणि पाण्यावरून आलेला पाहिजे. एप्रिल ते एप्रिल, एकही दिवस न चुकता. मी विचारलं, "पाण्यावरचाच का?" तर म्हणाला, "रस्त्यावरचा थांबतो."

काय काय गाठी यायच्या. एका डॉक्टरने जखम शिवतात तशी मारली. एका पोराने एकावर एक सात मारल्या, तो दोराचा गुडघा झाला. एका तरुण आईने बुटाची नाडी बांधतात तसं फूल बांधलं, तेही चिब्बेने सुटू दिलं नाही, दोऱ्याने टाचून ठेवलं. आणि एका जर्मन बाबाने घाईघाईत गाठ मारली ती स्वतःच्या नावेच्या कठड्यालाच. नाव चालली, टपातून दोर सुटतोय, आणि चिब्बे काठाने पळतोय, "सोडा हो, सोडा," म्हणत. तीस गाठी पाण्यात भिजल्या. मी इतकी हसले की बाउवेने माझ्या हातातली सुरी काढून घेतली.

संध्याकाळी तो मला गाठ दाखवायला यायचा. मी कॉफी द्यायचे, साखरेचा पाव कापायचे. शाळेतल्या बाईंच्या कानावर गेलं, त्या बघून गेल्या आणि म्हणाल्या, "ही कला आहे. वर्ष पुरं झालं की आपण चर्चमध्ये टांगू." चिब्बेचे कान लाल झाले.

"कलाकार झालास की," मी म्हटलं.

"मी पूल उचलतो," तो म्हणाला.

"आणि एखादा दिवस सुटला तर?"

त्याने पावाचा तुकडा बशीत ठेवला. "मग मी थांबवीन, शेजारीणबाई. मग ते काहीच नाही."

साधं बोलला, पण मला कळलं. पानगळीपर्यंत हा माणूस वरून हवापाण्याचंही विचारायला लागला होता. एकदा तर त्याने कुणाला कुत्र्याचं नाव विचारलं. दोर थांबला असता तर तो परत बिजागरीकडे गेला असता.

हिवाळ्यात नावा कमी, पण रेतीच्या, खताच्या नावा चालतात. दिवसाला एक अनोळखी मिळायचाच. मग जानेवारीत थंडी पडली. सगळं गाव खूश. घराघरातून बर्फावरचे स्केट काढून धार लावायला दिलेले, पोरं शाळेच्या खिडकीतून कालव्याकडे बघतायत. एकटा चिब्बे आकाशाकडे बघून तोंड वाकडं करायचा. कारण मधले दिवस. बर्फ नावेला फोडवत नाही इतका जाड होतो, पण माणसाला पेलवत नाही इतका पातळ असतो, ते दिवस. तेव्हा पाण्यावर कुणीच नसतं.

पहिल्या दिवशी कालवा बंद केल्याची पाटी लावायला सरकारी नाव आली, बर्फ कडाकडा मोडत. तिच्यावरच्या नव्या माणसाने गाठ मारली. निभावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून शांत. दुपारी बर्फ तपासणारा म्हातारा मुर्क काठी ठोकत काठाने आला. चिब्बेने आशेने वाकून बघितलं, पण मुर्क तर त्याच्याच गल्लीतला.

"परवा," मुर्क वर बघून म्हणाला. "परवा धावतील पोरं."

"उद्या नाही?"

"तुला बुडवायचीत का?"

तीन वाजले. आमच्याकडे जानेवारीत पाचला अंधार. मी खिडकीशी बटाटे सोलत होते, आणि बघते तर चिब्बे रस्त्यावर उतरलेला. हात वर करून सायकलवालीला थांबवतोय.

बाउवे म्हणाला, "रिक्स्त, चिब्बे रस्त्यावर बोलतोय. डॉक्टरला बोलवू का?"

मी खिडकी उघडली. चिब्बे त्या बाईला विचारत होता की खाली फळीवर जाऊन एक गाठ माराल का. पुलाच्या खांबांना लागून नावा थांबायला फळ्यांची वाट असते, ती. आता पाण्यावरून नाही तर निदान पाण्याजवळून, एवढी त्याने नियमाला ढील दिलेली.

बाई सायकल धरून म्हणाली, "तुम्ही योउकेचे चिब्बे ना? माझी थोरली बहीण तुमच्या पुढच्या बाकावर बसायची. तिची वेणी शाईत बुडवलीत तुम्ही."

"तो मी नव्हे."

"तुम्हीच. अजून सांगते ती."

गेली ती ओळखीची होऊन. मग एक मोटारवाला थांबला. त्याने काच खाली केली आणि चिब्बेच्या आधी यानेच विचारलं, "तू कुणाचा?" वीस मिनिटांनी निघालं की त्याचा चुलता आणि चिब्बेचा बाप एकाच दूधगाडीवर. तोही गेला. तिसरा कानात काहीतरी घालून सायकलवरून आला, चिब्बेने हात केला, त्यानेही हसून हात केला आणि पुढे गेला.

साडेचार झाले. आभाळ जांभळं. चिब्बे पुलावर परत आला आणि बूट काठीवरून सोडवायला लागला. मी ॲप्रनला हात पुसले आणि बाहेर पडले.

"कुठे निघालीस?" बाउवे.

"सूप ढवळ. खाली लागतंय."

मी फळ्यांवरून हळूहळू पुलाखाली गेले. वरून चिब्बेने डोकं काढलं.

"शेजारीणबाई, पडाल."

"पडले तर खाली बर्फ आहे. बूट सोड."

"तुमची नाही चालत. तुम्ही ओळखीच्या."

"बरं. माझं नाव सांग."

"रिक्स्त," तो म्हणाला. "बाउवे दिवसभर ओरडत असतो."

"आणि मी कुणाची?"

त्याने टोपी मागे सारली, परत पुढे ओढली. पायांची बोटं गार पडली.

"माझा बाप कोण, चिब्बे? आमच्या नावेचं नाव काय होतं? मी कुठे जन्मले? अकरा वर्षं शेजारी राहतोस, एप्रिलपासून माझा पाव खातोस. गावात सगळ्यांनी विचारलं मला, आणि नावेवरची म्हटल्यावर हं म्हणून गप्प बसले. तू तर विचारलंही नाहीस."

खरं सांगते, हे मला त्याला कधी बोलायचं नव्हतं. अकरा वर्षं कुठेतरी बसलेलं होतं, थंडीने बाहेर आलं.

बूट खाली आला. मी दोराचं टोक काढलं आणि गाठ मारली. माझ्या बापाची. दोन वेढे आणि शेपूट आत दडवायची, म्हंजे ओल्या हाताला टोचत नाही. ती मी कधी कुणाला शिकवली नव्हती.

बूट वर गेला. तो सुखरूप जा म्हणेल असं वाटलं, कारण गाठ मिळाली की तो तेच म्हणायचा. पण मी कुठे जाणार होते. माझी नाव तीस पावलांवर बांधलेली.

"रिक्स्त," तो वरून म्हणाला, "तू कुणाची?"

मी तिथेच उभी राहून सांगितलं. होइतेची, 'चार वारे' नावेवरची, बटाट्यांच्या पोत्यांमध्ये जन्मलेली, तीन भावांत एकटी बहीण. त्याने काठीला टेकून सगळं ऐकलं. मध्येच विचारायचा, "मग?" बाउवे दारातून ओरडायला लागला की सूप खाली लागलं, तेव्हा कुठे मी परत आले. चिब्बेपण आला माझ्या मागोमाग. लागलेलं सूप तिघांनी खाल्लं.

दुसऱ्या दिवशी त्याने शहाणपणा केला. एक टेम्पोवाला थांबवला, आधी गाठ मारून घेतली आणि मग विचारलं तू कुणाचा. त्याच्या पुढच्या दिवशी, मुर्कने म्हटल्याप्रमाणे, पोरं बर्फावर उतरली, पाठोपाठ लांबलांबच्या गावांतले लोक स्केटवरून पुलाखालून जायला लागले, वाकून, गालांवर लाली. गाठींना तोटा नाही. मार्च गेला, एप्रिल आला, दोर पुरा झाला.

चर्चमध्ये तो या खांबावरून त्या खांबावर टांगला. लोक बोटं फिरवत चालत होते. मी डोळे मिटून माझी शोधून काढली. शेपूट आत.

शाळेतल्या बाईंनी चिब्बेला विचारलं, "यातली कुणाची गाठ कुठली, हे माहीत आहे का हो तुम्हाला?"

"नाही," तो म्हणाला. "सगळे अनोळखी." मग माझ्याजवळ येऊन त्याने बोट ठेवलं. "ही एक सोडून. ही 'चार वारे' नावेवरच्या होइतेच्या रिक्स्तची."

इतक्या मोठ्याने म्हणाला की पार मागच्या बाकापर्यंत गेलं. मुर्कने मान वळवून माझ्याकडे बघितलं. आणि तुझे आजोबा मागून म्हणाले, "माझी बायको आहे, तेही सांग."