पुस्तक जागेवर ठेवू नका

माझ्या सासूबाई, शोभना गंधे, यवतमाळच्या एका कॉलेजात एकतीस वर्षं ग्रंथपाल होत्या. सासरे गेल्यावर त्या कायमच्या आमच्याकडे अमेरिकेत अर्विंगला आल्या आणि पहिल्याच आठवड्यात त्यांनी घराजवळची पब्लिक लायब्ररी गाठली. तिथे मराठीचं एकही पुस्तक नव्हतं. आईंचं डोकं फिरलं. भारतातून येणाऱ्या प्रत्येकाच्या बॅगेत दोन-दोन पुस्तकं कोंबायला लावून त्यांनी चार वर्षांत एकशे चाळीस पुस्तकं जमवली आणि एक अख्खं कपाट मिळवलं.

यंदा फेब्रुवारीत तिथल्या ग्रंथपाल ग्रेचेन यांनी त्यांना बोलावलं. गाडी चालवायला मी होतेच.

"सॉरी, शोभना. वर्षभरात यातली फक्त तीन पुस्तकं वाचली गेलीत. आकडे असेच राहिले, तर एप्रिलअखेर कपाट रिकामं करावं लागेल."

"खोटं!" आई आधी मराठीतच कडाडल्या. मग इंग्रजीत म्हणाल्या, "रोज दुपारी आठ-दहा जण इथे बसून वाचतात. मी स्वतः बघते."

ग्रेचेननी शांतपणे मोजणीची पद्धत सांगितली. आमचे वाचक म्हणजे मुलांकडे सहा महिन्यांसाठी आलेले आईवडील. त्यांच्याकडे कार्ड नसतं, म्हणून ते तिथेच बसून वाचतात. टेबलावर राहिलेली पुस्तकं संध्याकाळी स्कॅन होतात आणि तीच मोजली जातात. आमची मंडळी मात्र वाचून झालं की पुस्तक शिस्तीत कपाटात ठेवतात. चुकून एखादं टेबलावर राहिलंच, तर आई स्वतः उचलून ठेवत.

"मीच वाट लावली गं," गाडीत बसल्यावर त्या म्हणाल्या आणि रडल्या. मला त्यांची दया आली, आणि त्या मोजणीचा संताप.

दुसऱ्या दिवशी त्यांनी डोळे पुसून कंबर कसली. वाचक दर सहा महिन्यांनी बदलणार, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलेला निरोप सुप्रभातच्या फुलांखाली गाडला जाणार. कायम राहील असं वेब पेजच हवं. लायब्ररीत दर मंगळवारी ते बनवायला शिकवणारा मोफत वर्ग होताच.

"आई, मी दहा मिनिटांत करून देतो ना, यार," माझा नवरा शंतनू म्हणाला.

"तुझी दहा मिनिटं मी चार वर्षं ऐकतेय. माझं पान मीच करणार."

केलं. मथळा कुठला, मजकूर कुठला, दुवा कुठे जोडायचा, सगळं वहीत उतरवून घेतलं. एकदा कोडमधली एक खूण बंद करायची राहिली आणि सगळं पान ठळक अक्षरांत ओरडायला लागलं, तेव्हा त्यांनी लॅपटॉपलाच झापलं. सरावासाठी प्रत्येकाला लायब्ररीच्या साइटवर एकेक पान मिळालं होतं. बाकीच्यांनी त्यावर कुत्रे आणि केक टाकले. आईंनी एकशे चाळीस पुस्तकांची यादी टाकली, प्रत्येकाखाली दोन ओळी, आणि सगळ्यात वर लालभडक: वाचून झालेलं पुस्तक टेबलावरच सोडा. जागेवर ठेवाल तर माझ्याशी गाठ आहे.

शिकवणारा म्हणाला, हा लाल डोळ्यांना खुपतो.

"खुपू दे," आई म्हणाल्या.

पानाची लिंक घरोघरी फिरली. तरी एक नागपूरचे काका सवयीने पुस्तक कपाटाकडे घेऊन निघाले. "ताई, असा पसारा बरा दिसतो का?" आईंनी ते त्यांच्या हातातून काढून घेतलं आणि टेबलावर आदळलं. "असाच दिसायला हवा!" नंतर मी पाहिलं, तो पसारा आवरायला आईंचेच हात शिवशिवत होते. त्या हातांची घडी घालून बसून राहिल्या.

एप्रिलअखेर आकडा आला, दोनशे शहाऐंशी. कपाट राहणार, असं सांगताना ग्रेचेन मनापासून हसल्या. मग जरा चाचरत म्हणाल्या, "पण शोभना, वर्ग संपला ना, त्यामुळे सरावाची सगळी पानं शुक्रवारी पुसली जातील. तुमचंही."

आईंनी पर्स खांद्याला लावली.

"खुशाल पुसा," त्या म्हणाल्या. "मला दुसरं करता येतं."