रुक्मीची मान

आम्ही चौघी रिलेवाल्या भेटलो की पहिला चहा खुशालीत जातो आणि दुसरा रुक्मीवर. पळणं कधीच सुटलं, पण रुक्मीचे किस्से काही आटत नाहीत. एक काढला की त्याच्या मागे तीन येतात. रुक्मी स्वतः समोर बसून कान टवकारून ऐकते आणि शेवटी विचारते, "ह्यातलं पदरचं किती घातलंस?"

रुक्मी नगर जिल्ह्यातल्याच अकोले तालुक्याच्या डोंगरातली. आमच्या जिल्ह्याच्या टीमची शेवटची धावपटू, म्हणजे हुकमाचा एक्का! मी सोनाली, देवळाली प्रवरेची. मी तिसरी पळायचे आणि बॅटन तिच्या हातात द्यायचे. पोरगी मनाने सोन्यासारखी, पण संशय एवढा की देवळात गेली तरी एक डोळा देवाकडे आणि एक चपलांकडे.

नगरच्या होस्टेलवर ती स्पाइक्सच्या, म्हणजे पळायच्या खिळेवाल्या बुटांच्या, लेस मनगटाला बांधून झोपायची. एकदा प्रॅक्टिसची वेळ झाली म्हणून आमच्यातल्या दुसरी पळणाऱ्या पूजाने तिला हलवलं. ही दचकली, हात वर गेला आणि स्वतःचाच बूट फाडकन नाकावर! नाक चोळत पूजालाच म्हणते, "बूट कोन ओढीत हुतं? खरं सांग!"

आमचे कोच गाडेकर सर दारातून म्हणाले, "रुक्मे, तू पोलिसातच जा. तिथं संशय घ्यायचा पगार मिळतो!"

सर चेष्टेत बोलले, पण रुक्मीला खरोखर पोलिसातच जायचं होतं, खेळाडूंच्या कोट्यातून. त्यासाठी राज्य स्पर्धेचं मेडल हवं होतं. आमचं काय, आम्ही हौशी. तिचं सगळं त्या मेडलवर अडलेलं.

* * *

रिलेत एक पद्धत असते. बॅटन घेणारी ट्रॅकवर चिकटपट्टीची खूण लावते. मागून येणारीचा पाय त्या खुणेवर पडला की हिने पळत सुटायचं.

जिल्हा स्पर्धेत रुक्मीला वाटलं, शेजारच्या लेनमधल्या पोरी आपली पट्टी सरकवणार. म्हणून तिने दोन पट्ट्या लावल्या. एक खरी आणि एक त्यांना फसवायला! मी जीव खाऊन पळत आले, दोन्ही पट्ट्या ओलांडल्या, तरी ही जागची हलेना. मी जवळजवळ तिच्या पाठीवरच आदळले.

"अगं, पळ ना!"

"थांब की! खरी कंची तेच इसरले!"

त्या दिवशी पहिला नंबर गेला. परतताना रुक्मी म्हणाली, "पन त्यांनी एक बी पट्टी हलवली न्हाई. मला तर ह्याच्यातच काहीतरी काळंबेरं दिसतंय."

* * *

एका स्पर्धेत उत्तेजक द्रव्याच्या तपासणीला हिचा नंबर लागला. लघवीची बाटली भरताना तिथल्या मॅडमना समोर उभं राहावं लागतं, तसा नियमच आहे. रुक्मीने आधी बाटलीचं सील तीनतीनदा बघितलं. मग झाकण. मग मॅडमचं ओळखपत्र! मॅडमही कमी नव्हत्या. त्यांनी हिच्या बाह्या वर करायला लावल्या, खिसे झटकायला लावले आणि डोळे रोखून उभ्या राहिल्या. पहिल्यांदाच तिला तोडीस तोड माणूस भेटलं होतं.

बाहेर आली ती रागाने लाल होऊन. म्हणाली, "एवढा संशय? मानसानं मानसावर जरा तरी इस्वास ठेवावा का न्हाई?"

* * *

तिचं खरं दुखणं होतं मान. बॅटन घेताना मागे बघायचं नसतं. पळत सुटायचं, मागून "हात!" ऐकू आलं की हात मागे करायचा, बस्स. रुक्मी मात्र दर वेळी मागे वळून बघायची आणि तेवढ्यात वेग जायचा.

एकदा सर जाम तापले. "मागं का बघतेस गं?"

"आमच्याकडं मागं न बघनारा शाळेत पोचत न्हाई, सर. बिबट्या असतो."

"अगं, मागून सोनाली येतीये! बिबट्या नाही!"

"हे बघितल्याबिगर कसं कळायचं?"

मला हसू आलं आणि रागही. इतकी वर्षं हिच्या हातात बॅटन देतेय मी!

राज्य स्पर्धेला महिना उरला तेव्हा सरांनी सांगून टाकलं. "पुन्हा मान वळली तर तू राखीव. बाकावर बसायचं." रुक्मीचा चेहरा उतरला. बाकावर बसली की मेडल गेलं, नोकरी गेली.

आणि काय आश्चर्य, दुसऱ्या दिवसापासून मान वळेचना! रोज संध्याकाळी सरळ पुढे बघून हात मागे. सर खूश. मला तर भरूनच आलं. न राहवून मी म्हटलं, "रुक्मे, बसला ना माझ्यावर विश्वास?"

"तुझ्यावर?" ती म्हणाली. "ऊन मागून येतंय. तुझी सावली दिसती की म्होरं!"

मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही.

* * *

राज्य स्पर्धेची फायनलही संध्याकाळीच होती. पण दुपारपासून आभाळ भरून आलं. ट्रॅकवर कुणाचीच सावली नाही. मी माझ्या जागेवरून पाहिलं, तर रुक्मी एकदा वर बघत होती, एकदा खाली ट्रॅककडे. सर कुंपणाशी उभे, नजर तिच्या मानेवर.

पूजाकडून बॅटन घेतलं आणि मी वळणावर सुसाट सुटले. रुक्मीच्या पट्टीवर माझा पाय पडला. एकच पट्टी होती! रुक्मी सुटली. मी ओरडले, "हात!"

हात मागे आला. मान हलली नाही.

बॅटन चपखल बसलं आणि ती अशी गेली की बाकीच्या लेन मागे राहिल्या. गोल्ड! सर कुंपणावरून उडी मारून आत आले. आम्ही चौघी गळ्यात पडून रडलो, हसलो.

मेडल गळ्यात पडल्यावर मी तिच्या कानाशी लागले. "रुक्मे, आज तर सावली नव्हती."

"ठावं हाय," ती म्हणाली. "म्हनून तर म्या डोळंच मिटून घेतलं हुतं."