लाल दोरा नसलेला कॅमेरा

"हा सोडून कुठलाही घे."

"मला हाच पाहिजे."

"अगं, याचा मीटर मेलाय. उजेड किती, काही कळायचं नाही तुला."

"मीटर नसलेलाच बरा, माणूस आकाशाकडे बघायला शिकतो. तुमचंच वाक्य आहे हे, बाबा. शंभर गिऱ्हाइकांना ऐकवलंयत."

काउंटरवर बाबांनी लेकीसाठी चार कॅमेरे ओळीनं मांडले होते, चारही पुसून लख्ख केलेले. ती मात्र वरच्या फळीवरच्या पाचव्याकडे बोट दाखवून उभी होती. त्याच्या कडा झिजून आतलं पितळ दिसत होतं.

दुरुस्तीच्या या दुकानात त्यांना सगळे डॉक्टर म्हणत. आलेला कॅमेरा ते डोळ्यांनी बघण्याआधी कानाला लावत. बटण दाबायचं, आतल्या पडद्याची उघडझाप ऐकायची आणि निदान सांगायचं: वंगण सुकलंय, स्प्रिंग दमलीय. फोटो मात्र त्यांनी हौसेनं कधी काढले नाहीत. चाचणीसाठी समोरच्या भिंतीचे काढत, तेवढेच.

नवख्याला पहिला कॅमेरा निवडून देण्यात त्यांचा हातखंडा होता. चष्मा लागतो का, हात थरथरतो का आणि फोटो कोणाचे काढायचेत, हे तीन प्रश्न ठरलेले. "सगळ्यांचे" म्हणणाऱ्याला ते परत पाठवत, आधी एक माणूस ठरवून या म्हणून. मग स्वस्तातला, सेल संपला तरी चालणारा एखादा काढून देत, एकाच साध्या लेन्सचा. तीन लेन्सा मागणाऱ्याला विचारत, हमाल ठरवलायत का. सगळा खिसा कॅमेऱ्यातच रिकामा केलात तर रोल कशानं घ्याल, हे दर वेळी शेवटी.

कोपऱ्यातल्या शिलाई मशीनवर बसून त्यांची बायको हे रोज ऐकत असे. कॅमेऱ्यांची कव्हरं आणि पट्टे ती शिवायची. पट्ट्याला लाल दोरा बांधायची युक्तीही तिचीच. खूप वर्षांपूर्वी डॉक्टरांनी एका गिऱ्हाइकाच्या कॅमेऱ्याचं मागचं झाकण उघडलं, तर आत भरलेला रोल. अख्खी सहल उजेडानं खाल्ली. तो माणूस काउंटरवर डोकं टेकून रडला. त्या दिवसापासून तिनं नियम केला: आत रोल असेल तर पट्ट्याला लाल दोरा. दोरा नाही म्हणजे पोट रिकामं. बावीस वर्षं या दोऱ्यानं एकदाही दगा दिला नव्हता.

मध्ये केव्हातरी तिनं दात लावून धागा तोडता तोडता विचारलं होतं, मला कुठला बरा पडेल हो? डॉक्टरांनी मान वर केली नाही. घरात एक वेड पुरे, म्हणाले. दोघंही हसले. अनोळखी पोरांना तास तास देणाऱ्या माणसानं तिला एक प्रश्नसुद्धा विचारला नाही. मशीन पुन्हा सुरू झालं.

आता त्या मशीनवर झाकण होतं. तिला जाऊन वर्ष झालं होतं. लेक दुसऱ्या गावी नोकरीला लागली होती आणि पहिल्या सुट्टीत, पहिल्या पगारातून, गिऱ्हाईक म्हणून आली होती. फुकट देत असाल तर नको, असं आल्या आल्याच बजावलं होतं तिनं.

डॉक्टरांनी शेवटी ठेवणीतला प्रश्न काढला. "फोटो कोणाचे काढायचेत तुला, ते तरी सांग."

"काढून झालाय. एकच. आईचा. तो त्या कॅमेऱ्यात आहे."

डॉक्टरांच्या हातातलं फडकं तिथंच थांबलं.

लेक सांगत गेली. आई आजारी होती तेव्हाची गोष्ट. बाबा दुरुस्तीचा माल पोचवायला बाहेर पडले की आई हा कॅमेरा खाली काढायची. रोल तिनं स्वतः भरला, कोणाला न विचारता. वर्षानुवर्षं ऐकून सगळं पाठच होतं. दोरा मुद्दामच बांधला नाही, कारण दोरा दिसला की यांना कळलं असतं, आणि तिला एकदम फोटोच यांच्या हातात ठेवायचे होते. शेवटचे दोन उरले तेव्हा लेकीला म्हणाली, एक तू माझा काढ, शेवटचा मी यांचा काढते. लेकीनं गॅलरीत तिचा एक काढला. त्याच आठवड्यात आईला दवाखान्यात न्यावं लागलं. जाताना सांगून गेली, कॅमेरा जिथल्या तिथे ठेव हं.

"मी ठेवला, जिथल्या तिथे," लेक म्हणाली. "मग वर्षभर मला धीर झाला नाही. पण घरात आईचा गेल्या दहा वर्षांतला एकसुद्धा फोटो नाहीये, बाबा. कॅमेरावाल्याच्या घरात. म्हणून मला हाच पाहिजे."

डॉक्टर स्टुलावर बसले. बराच वेळ त्यांनी फडक्याची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली.

"त्यात रोल नाहीये," ते म्हणाले.

बायको गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात दुकान उघडलं होतं त्यांनी. कॉलेजातली एक मुलगी आली, पहिलाच कॅमेरा, पैसे बेताचे. त्यांनी हाच खाली काढला. पट्ट्याला दोरा नव्हता. पडदा कसा उघडतो ते तिला दाखवायला त्यांनी झाकण उघडलं.

"लगेच मिटलं गं. पण उजेडाला तेवढं पुरतं."

"मग?"

"मीच धुतला. सुरुवातीचे नऊ वाचले. ते सगळ्यात आत गुंडाळलेले असतात. नऊच्या नऊ माझेच आहेत. पाठ, टक्कल, हात. चार धूसर आहेत, मग जमत गेलंय तिला. पुढची पट्टी सगळी काळी." त्यांनी खणाला हात लावला, पण उघडला नाही. "किती काढले होते तेसुद्धा कळेना. झाकण उघडलं की आकडा शून्यावर जातो. तुला कुठल्या तोंडानं सांगणार होतो?"

लेक दुसऱ्या स्टुलावर चढली आणि तिनं तो कॅमेरा खाली काढला. वरच्या छोट्या खिडकीत शून्य होतं. तिनं पट्टा हातात घेतला, आईनं घातलेल्या टाक्यांवरून अंगठा फिरवला, आणि कॅमेरा काउंटरवरच्या त्या चारांच्या शेजारी ठेवून दिला.

"शेवटचे सगळ्यात बाहेर असतात," डॉक्टर खाली बघत म्हणाले. "तिचा एक होता, हे मला आत्ता कळतंय."

लेकीनं पिशवी खांद्याला लावली.

"कशी बसली होती गं?" त्यांनी विचारलं. "गॅलरीत. एवढं तरी सांग. हसत होती?"

तिनं दार लोटलं आणि ती पायरी उतरून गेली.